ओट्यावरून पूल दिसतो

माझी लेक पुण्यात काय काम करते असं पारावर कोणी विचारलं की मी सांगतो, ती रानं बनवते. समोरचा म्हणतो, "म्हंजी प्लॉटिंग का?" मी म्हणतो, "न्हाई बे, लढाईची रानं." मग तो माझ्याकडं बघतो आणि विषय बदलतो. बायको जाऊन वरीस झालं नाही, म्हातारा हललाय, असं त्याला वाटत असणार. वाटू दे.

काम मात्र खरंच तेच. कॉम्प्युटरवर एक खेळ असतो. त्यात माणसं नसतात, नुसत्या गाड्या. ट्रक, जीप, पुरुषभर उंच चाकांच्या अवजड गाड्या, सगळ्यांवर तोफा. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं आपापल्या घरी बसून एकेक गाडी चालवतात. अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. एकमेकांच्या गाड्या फोडायच्या, एवढाच धंदा. पण फोडायच्या तरी कुठंतरी उभं राहूनच ना? ती जागा, तिथले डोंगर, ओढे, पूल, भिंती, हे कोणीतरी बसून करावं लागतं. लेक त्याला मॅप म्हणते. मी रान म्हणतो.

तिनं आमच्याच गावाचं रान केलं. त्यात आमचं घर होतं, घराचा ओटा होता. तो ओटा त्यात राहणार का जाणार, यावरून आमच्या बापलेकीत जे झालं ते सांगतो.

तिची माय त्या ओट्यावर गेली. सकाळची वेळ. ती जवारी पाखडत बसली होती, मी आत चहा पीत होतो. बाहेर आलो तर ती सुपावर वाकलेली, आणि कोंबड्या तिच्या पायापाशी दाणे टिपत होत्या. ती त्यांना हुसकत नव्हती. त्यावरूनच मला कळलं. आमच्या घरात तिच्या डोळ्यांदेखत कोंबडीनं दाणा उचलला असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल. तिला झाला नसेल. माझं कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून मी ओट्यावर बसलो नाही. दारातून निघायचं, ओटा ओलांडायचा, पायऱ्या उतरायच्या. कोणी भेटायला आलं तर लिंबाखाली बाज टाकायची. लोक म्हणायचे, "वट्यावर सावली हाय की." मी म्हणायचो, "तुमी बसा."

लेक दिवसपाण्याला आली. पाव्हणेरावळे गेले, ती राहिली. कंपनीनं घरून काम करायची मोकळीक दिली होती. जवारीची पोती असलेल्या खोलीत तिनं टेबल मांडलं, कॉम्प्युटर लावला, लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर आणला. ती आत खटखट करायची, मी बाहेर बाजेवर पडायचो. जेवताना दोघं आपापल्या ताटाकडं बघायचो. भाजी अळणी झाली तरी कोणी बोलायचं नाही. हातानं मीठ बरोबर घालणारी गेली होती, हे दोघांनाही माहीत होतं. त्यात बोलण्यासारखं काय होतं?

आमचं घर गावाच्या शेवटाला, चढावर. तेलगावकडून येणारा रस्ता घाटाचं एक वळण घेऊन खाली उतरतो, बाभळीच्या बनात शिरतो, बाहेर पडून नदीच्या पुलावर येतो आणि मग चढ चढून आमच्या दारावरून गावात जातो. ओट्यावर बसलं की घाटाचं वळण दिसतं, मग बाभळी, मग पूल. एवढं गावातल्या दुसऱ्या कुठल्याच घरातून दिसत नाही. घर बांधताना मी काही बघितलं नव्हतं, जागा मिळाली तिथं बांधलं. ओटा कोणत्या अंगाला घालायचा ते बायकोनं सांगितलं होतं.

मी ट्रॅक्टर चालवायचो. मालकाचा. मागं दोन ट्रॉल्या, उसानं भरलेल्या, फडातून कारखान्यावर. पहिली काही वर्षं तीही ऊसतोडीच्या टोळीत कोयत्यावर होती. ऊस तोडलेलं रान पाणी पिऊन कुठं मऊ झालंय ते वरून कळत नाही. भरलेली ट्रॉली रुतली की दिवस गेला. आणि दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागं घेता येत नाही. मागची ट्रॉली भलतीकडंच वळते. म्हणून फडात शिरायच्या आधीच बाहेर कुठून निघायचं ते बघावं लागतं. आत जायची वाट एक, निघायची दुसरी. ते ती बघायची. ट्रॅक्टरच्या पुढं अनवाणी चालायची. पायाला माती मऊ लागली की तिथं एक उसाचं कांडं रोवायची आणि त्याला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की मी चाक बाहेरून घालायचो. ती कधी चुकली नाही असं म्हणणार नाही. चुकायची. मग दोघं मिळून टोळीच्या शिव्या खायचो.

लेक शाळेत जायला लागल्यावर ती घरी राहिली. मी जवळपासचे फड धरले, अंधार पडता पडता घरी यायचो. माझ्या ट्रॅक्टरचा एक दिवा कायम बंद. मालकाला सांगून सांगून दमलो. सीझनमध्ये त्या रस्त्यानं ट्रॅक्टरांची रांग असायची, पण एका डोळ्याचा माझा एकटाच. घाटाच्या वळणावर एक दिवा दिसला की ती चूल पेटवायची. दिवा बाभळीत गेला की पीठ काढायची. पुलावर आला की तवा ठेवायची. मी हातपाय धुऊन बसलो की भाकरी ताटात, फुगलेली. मला लई वर्षं वाटायचं की हिला माझी वेळ पाठ आहे. माझी वेळ कधीच ठरलेली नव्हती. ती बघत असायची.

तर एक दिवस दुपारी लेकीनं आतून हाक मारली.

"आबा, जरा इकडं या. वळखा बरं हे."

पडद्यावर एक रस्ता डोंगरातून उतरत होता. मी चष्मा घातला.

"हे घाटाचं वळण हाय. ह्या बाभळी. हे कवा केलंस तू?"

"रोज हिंडत व्हते की. तुमाला वाटलं मी फोनवर बोलत फिरते."

"कशापायी पण?"

"कंपनीनं सगळ्यांकडनं नवीन मॅप मागितलेत. पसंत पडला तर खेळात जाईल. सगळ्या जगातली माणसं हितं येतील."

"हितं येऊन काय करतील?"

"लढतील."

"आपल्या गावात? गावानं काय घोडं मारलंय त्यांचं?"

ती हसली नाही. त्या दिवसांत ती हसायचीच नाही. तिनं बोटानं चित्र फिरवलं. पूल आला, चढ आला, वर आमचं घर आलं. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेला दगडसुद्धा होता. ओटा होता. ओट्यावर भिंतीला टेकवून सूप ठेवलं होतं. पडद्यात संध्याकाळ होती, रस्त्यानं दिवे लावून गाड्या याव्यात अशी. मी सुपाकडंच बघत राहिलो.

"माय कुठंय?"

"आबा, ह्यात माणसं ठेवता येत न्हाईत. नुसत्या गाड्या."

"मग सूप कुणाचं?"

तिनं चित्र दुसरीकडं फिरवलं. मीही उगाच विचारलं. पण त्या दिवशी मला बरं वाटलं. लई दिवसांनी पोटभर जेवलो. हा ओटा आता पडणार नाही, झिजणार नाही, माझ्यामागं कोणी विकणार नाही, असं काहीतरी डोक्यात आलं. मी तिला म्हणलं, "हे असंच ठेव. काय हलवू नको." ती म्हणाली, "न्हाई हलवत."

मग चाचणी सुरू झाली. तिच्या कंपनीतली पोरंपोरी दुपारच्याला पुण्यातून त्या रानात उतरायची आणि लढून बघायची. रान चांगलं आहे का वाईट हे खेळल्याशिवाय कळत नाही म्हणे. एक गडी कमी पडला की लेक मला बसवायची. हातात बटणांचा एक डबा द्यायची. मला सगळ्यात अवजड आणि हळू गाडी मिळायची, कारण वेगातली मला झेपायची नाही. त्यांचे आवाज डब्यातून यायचे.

पहिल्याच दिवशी मी घाटातून उतरत होतो. समोरून एक ट्रक चढ चढत आला. मी गाडी कडेला घेतली आणि थांबलो.

"काका, थांबलात का?" पुण्याचा एकजण ओरडला.

"समोरचा चढावर हाय. त्याला वाट द्यावी लागती."

"काका, तो आपल्याला मारायला आलाय!"

"आसंल. पण चढावर हाय ना बे तो."

एवढ्यात त्यानं माझी गाडी फोडली. डब्यातून सगळे हसले. शेजारी लेकही हसली, तोंडावर हात धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. माय गेल्यापासून पहिल्यांदा. मग एकदम उठून पाणी प्यायला गेली.

मागं घ्यायचं बटण मी कधीच दाबायचो नाही. अडचणीत सापडलो की पुढूनच मोठा वळसा घ्यायला बघायचो. लेक म्हणायची, "आबा, मागं घ्या, मागं!" मी म्हणायचो, "मागं कशी यील? दोन ट्रॉल्या..." ती हळूच म्हणायची, "ट्रॉल्या न्हाईत आबा. मागं काय न्हाई."

एक गोष्ट मला त्या खेळाची कळायला वेळ लागला. फुटलेली गाडी जरा वेळानं आपल्या बाजूच्या टोकाला परत उभी राहते. कोरी. मी विचारलं, "हे काय?" लेक म्हणाली, "मेलं की परत येतं. न्हाईतर खेळ कसा चालंल?"

मी म्हणलं, "बरं हाय तुमचं."

ती म्हणाली, ते परत यायचं ठिकाण निवडणं सगळ्यात जोखमीचं काम असतं. नुकती उठलेली गाडी लगेच कोणाच्या तोफेसमोर यायला नको. जरा आडोसा पाहिजे, इकडंतिकडं बघून घ्यायला उसंत पाहिजे, निघायला दोन वाटा पाहिजेत. उठल्या उठल्या मार बसला तर माणूस चिडून खेळच सोडतो. मी ऐकत राहिलो. मला ते पटलं. मला काही कोणी आडोसा दिला नव्हता.

चाचणीचे दिवस चालले तशी लेक गप्प गप्प व्हायला लागली. मला वाटलं मायची आठवण. मग एका सकाळी तिनं मला बोलावून रानाचं वरून काढलेलं चित्र दाखवलं. जिथं जिथं गाडी फुटली तिथं एक लाल ठिपका पडलेला. बाभळीत थोडे. नदीच्या पात्रात थोडे. घाटात तुरळक. आणि पूल नुसता लाल. पुलाचा रंगच दिसत नव्हता.

"खऱ्या पुलावर जन्मात एवढी माणसं मेली न्हाईत," मी म्हणलं.

"आबा, हे सगळे आपल्या वट्यावरनं मारलेत."

"म्हंजी?"

"जो आधी वट्यावर जाऊन बसतो तो जिंकतो. त्याला वळण दिसतं, पूल दिसतो, पाठीला घराची भिंत हाय. त्याला कुणी हालवू शकत न्हाई. सगळे आता सुरू झालं की वट्याकडंच पळतात. बाकी रान रिकामं पडतंय."

"मग त्यात वट्याचं काय चुकलं?"

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. तिची माय भांडायच्या आधी अशीच पदर खोचून सरळ व्हायची.

"आबा, चांगल्या मॅपमधी अशी एक जागा नसावी लागती की जिथनं सगळं दिसतं आन् जिथं कुणी पोचत न्हाई. उंच जागा द्यायची, पण मग तिला मागनं एक वाट ठेवायची. लांबचं दिसत आसंल तर जवळचं दिसू नये. उघडा रस्ता जवळचा, झाकलेला रस्ता लांबचा. ज्याला जे परवडंल ते त्यानं घ्यावं. दोन्ही बाजूंना मधल्या जागेला पोचायला सारखाच वेळ लागला पाहिजे. समोरचा दिसावा, मग झाकावा, मग दुसरीकडं दिसावा. सारखा दिसत राहिला तर मजा न्हाई, आन् दिसलाच न्हाई तर माणूस एकटाच गाडी हाकत बसतो."

"हे सगळं खरं आसंल. पण आपलं गाव असंच हाय. मी काय खोटं घर बांधलंय का?"

"घर खरं हाय. सारखं न्हाई."

"सारखं कुठं काय असतं? कारखान्याजवळच्या फडातला गाडीवान दोन खेपा मारतो, लांबचा एक. कुणी म्हणलं का कारखाना मधी आणून ठेवा?"

"म्हणून तर खेळ करायचा आबा. एवढ्या एका ठिकाणी तरी सारखं आसावं."

मी चिडलो.

"तू म्हणली व्हतीस हलवत न्हाई."

"मॅप असाच ठेवला तर कंपनी अख्खा मॅप टाकून दील. मग वट्याबरोबर गावही गेलं. मी भिंत घालून बघते. वट्याच्या दोन्ही अंगाला भिंत. घर राहील, वटा राहील. तिथनं पूल तेवढा दिसणार न्हाई."

मी उठून बाहेर आलो. लिंबाखाली बाजेवर पडलो. त्या दिवशी जेवायला आत गेलो नाही. पुढंही आम्ही नीट बोललो नाही. ती ताट ठेवून जायची, मी ताट धुऊन ठेवायचो. माझं म्हणणं साधं होतं. बायको गेली ती गेली. आता पोरगी स्वतःच्या हातानं केलेला तिचा ओटा स्वतःच्या हातानं मोडणार, आणि कशासाठी, तर कुठल्या कुठल्या माणसांना खेळायला सोपं जावं म्हणून. त्यांना दुसरं रान नाही का? तिला असं बोललोही एकदा. ती म्हणाली, "मला काय हौस हाय का आबा?" आणि दार लोटून घेतलं.

भिंत घालायच्या आधीची शेवटची चाचणी होती त्या दिवशी गडी कमी पडला. ती दारात येऊन उभी राहिली. बसता का, असं तिनं विचारलं नाही, नुसता डबा पुढं केला. मी घेतला. मनात म्हणलं, बघू तरी एवढं काय आहे त्या ओट्यात. आजपर्यंत मी तिकडं गेलो नव्हतो. माझी गाडी हळू, तिथं पोचेपर्यंत कोणीतरी बसलेलं असायचं. आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. त्या दिवशी आमची बाजू घराकडची होती. मी सरळ जाऊन गाडी ओट्यावर चढवली. मागं भिंत. बाजूला सूप.

समोर सगळं दिसत होतं. घाटाचं वळण, बाभळीचं बन, पूल. मी त्या ओट्यावरून हे इतक्या वेळा बघितलेलं असणार, पण बसून असं कधी बघितलं नव्हतं. मी नेहमी त्या रस्त्यावर असायचो. ओट्यावर ती असायची.

एक गाडी वळणावर आली. बाभळीत गेली. पुलावर आली. मी बटण दाबलं. फुटली. दुसरी आली. वळण, बाभळी, पूल. फुटली. मला काहीच करावं लागत नव्हतं. नुसतं बसायचं आणि बघायचं. डब्यातून पोरं ओरडत होती, "काका आज फॉर्मात आहेत! काकांना कोणीतरी उठवा रे!" कोणी उठवू शकत नव्हतं. मी हललो नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. लेक शेजारी उभी होती.

मग वळणावर परत एक गाडी आली. आधी कोणाचा तरी गोळा खाऊन आलेली असावी, कारण तिचा एक दिवा फुटलेला होता. एकच दिवा जळत होता. तो दिवा वळणावरून उतरला. बाभळीत गेला. फांद्यांमधून लुकलुकत राहिला. पुलावर आला.

माझ्या बोटानं सवयीप्रमाणं बटण आधीच दाबलं होतं.

पुलावर ती गाडी जळत राहिली. डब्यातून कोणीतरी म्हणालं, "काका, काय नेम आहे तुमचा!" मी डबा टेबलावर ठेवला.

"काढून टाक," मी म्हणलं.

लेकीला पहिल्यांदा कळलं नाही. "काय आबा?"

"वटा."

"मी भिंत घालते ना. दोन्ही बाजूनं..."

"भिंत नगं. भिंत आसती तर तुझी माय तिथं बसली आसती का? काढायचा तर सगळा काढ. घर, वटा, सूप. काय ठेवू नगंस."

ती खाली बसली. म्हणाली, "तुमी रागानं म्हणताय."

"न्हाई. तिथं बसून मी काय केलं ते तू बघितलंस. उद्या कुणीबी बसंल आन् तेच करंल. त्याला काय म्हाईत ती जागा कशाची हाय."

लेकीनं घर काढलं तेव्हा मी खोलीत होतो. एक बटण दाबलं आणि घर गेलं, मागचा डोंगर दिसायला लागला. मला वाटलं होतं काही आवाज होईल. झाला नाही. त्या जागी तिनं बुटका खडक ठेवला, ज्यामागं गाडी लपेल पण ज्यावरून पूल दिसणार नाही, आणि मागच्या अंगानं वर यायला एक पायवाट काढली. तशी वाट खरी आमच्या घरामागं नाही. मी तसं म्हणलं नाही.

नदीच्या पात्रात तिनं चिखलाचे पट्टे ठेवले होते. त्यात अवजड गाडी शिरली की मंदावते आणि मार खाते. पण चिखल लांबून ओळखू यायचा नाही, आणि पोरं तक्रार करायची की आम्हाला कसं कळणार. रानानं खेळणाऱ्याला न बोलता सांगितलं पाहिजे, पाटी लावली तर कोणी वाचत नाही, असं लेक म्हणायची. तिनं मला विचारलं, माय काय करायची? तिला ऐकून माहीत होतं, तिनं बघितलेलं नव्हतं. मी सांगितलं. कांडं कसं तिरपं रोवायचं, चिंधी कुठल्या अंगाला सोडायची, वारं असलं तर गाठ दोनदा कशी मारायची. तिनं तसं केलं. फक्त चिंधी पिवळी केली.

"लाल व्हती," मी म्हणलं.

"लाल ह्या खेळात दुश्मनाचा रंग असतो आबा. लाल दिसलं की लोक गोळी घालतात."

पिवळी तर पिवळी. तिच्या लुगड्यात पिवळं कधी नव्हतंच.

पुढच्या चाचणीत ठिपके सगळ्या रानभर पसरले. पूल परत पुलासारखा दिसायला लागला. कंपनीनं मॅप पसंत केला. लेकीचा फोन दिवसभर वाजत होता. तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हणलं, "बरं झालं." खरंच बरं झालं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ती म्हणाली, आता कुठल्या कुठल्या देशातला माणूस पिवळी चिंधी बघून गाडी बाजूनं घालेल. कुणाची चिंधी, हे त्याला माहीत नसेल. त्याला माहीत असून काय करायचंय?

काम झालं तसं तिला पुण्याला बोलावणं आलं. "आबा, चला की तिकडं," ती रोज म्हणायची. मी म्हणायचो, "कोंबड्या हायेत." ती म्हणायची, "कोंबड्या शेजारी द्या." मी म्हणायचो, "येतो चार दिवस, दिवाळीनंतर." आम्हा दोघांनाही माहीत होतं मी जाणार नाही. तिथं खिडकीतून समोरची खिडकी दिसते. मी एकदा बघून आलोय.

ती गेली त्या सकाळी काळी-पिवळी दारासमोर आली. पोती असलेल्या खोलीत टेबल तसंच ठेवलं होतं, कॉम्प्युटर नव्हता. ती पाया पडली, गाडीत बसली, तिनं काच खाली केली. "बीपीची गोळी," ती म्हणाली. "खातो," मी म्हणलं. गाडी चढ उतरायला लागली आणि दिसेनाशी झाली.

मी आत जायला वळलो. ओटा ओलांडायचा होता. का कोण जाणे, मी ओलांडला नाही. खाली टेकलो. तिच्या जागी नाही, जरा अलीकडं.

गाडी पुलावर आली. पुलावर तिचा वेग कमी झाला, तिथं खड्डा आहे. मग बाभळीत गेली. बराच वेळ काही दिसलं नाही. मला वाटलं, गेली. मग घाटाच्या वळणावर पिवळं टप ऊन लागून चमकलं, एवढंसं, आणि वळणाआड झालं.

मी बसून राहिलो. पुढं काही दिसायचं नव्हतं. रस्त्यानं एक टँकर आला, एक मोटारसायकल आली, दोघंही गावात निघून गेले. अंगणात कालची जवारी थोडी वाळत घातलेली होती. कोंबड्या हळूहळू तिकडं सरकत आल्या, माझ्याकडं बघत बघत. एकीनं दाणा उचलला.

मी हात उगारला आणि त्यांना हुसकलं.